घरचं नेट, मोबाइलचं नेट आणि सामाईक पत्ता: बाहेरून घरच्या उपकरणापर्यंत कसं पोहोचायचं

आमच्या घरातल्या स्टोरेज ड्राइव्हवर कुटुंबाचे सगळे फोटो आहेत. बाहेर असताना ते मोबाइलवर दिसावेत, एवढंच मला हवं होतं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) केलं, डायनॅमिक डीएनएसवर (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या सेवेवर) नाव घेतलं, फायरवॉल बंद करून पाहिली, राउटर रिसेट केला, शेवटी नवा राउटर आणला. पंधरा दिवस त्यात गेले. माझ्या सेटिंगमध्ये चूक नव्हतीच. माझ्या राउटरला इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता मिळालेलाच नव्हता. नेट देणाऱ्या कंपनीने एकच पत्ता माझ्यासकट अनेक ग्राहकांमध्ये वाटून दिला होता, आणि कस्टमर केअरला केलेल्या चार फोनमध्ये हे कुणीही सांगितलं नाही.

ही गोष्ट तपासायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून कॅमेरा, स्टोरेज, गेम सर्व्हर किंवा घरचा कॉम्प्युटर बाहेरून वापरायचा विचार असेल, तर राउटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी पायरी १ आणि २ करा. पुढचं सगळं त्या दोन उत्तरांवर ठरतं.

हाताशी काय लागेल

- राउटरच्या ॲडमिन पानाचं युजरनेम आणि पासवर्ड. वाय-फायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. बहुतेक वेळा राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो.
- मोडेम आणि राउटरचे मॉडेल नंबर. दोन वेगळे डबे असतील तर दोन्हींचे.
- मोबाइल डेटा चालू असलेला एक फोन.
- नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक, पायरी ५ साठी.
- कागद आणि पेन. हे गंमत म्हणून सांगत नाही. तीन-चार पत्ते शेजारी लिहिल्याशिवाय गोंधळ होतोच.

पायरी १: दोन पत्ते लिहून शेजारी ठेवा

राउटरच्या ॲडमिन पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ नावाचा भाग असतो. त्यात ‘वॅन आयपी’ शोधा. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता तो हा. ‘लॅन आयपी’ म्हणजे घरातल्या बाजूचा पत्ता, त्याचा इथे उपयोग नाही. नवखी माणसं इथेच चुकतात.

मग त्याच वाय-फायवरून ‘माझा आयपी पत्ता काय’ हे दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा आणि तिथला आयपीव्ही ४ पत्ता (टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा, जुन्या पद्धतीचा) लिहून घ्या. त्याआधी फोनवरचं किंवा ब्राउझरमधलं व्हीपीएन बंद करा. ते चालू राहिलं तर व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसेल आणि सगळा निष्कर्ष चुकेल.

दोन्ही पत्ते सारखे असतील तर तुमच्या राउटरकडे सार्वजनिक पत्ता आहे. नेहमीचं पोर्ट फॉरवर्डिंग चालण्याची चांगली शक्यता आहे आणि पायरी ६ पासूनचा बराच भाग तुम्हाला लागणार नाही.

पत्ते वेगळे असतील तर वॅन पत्त्याची सुरुवात बघा:

- १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५: खासगी पत्ता.
- १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५: खासगी पत्ता.
- १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५: खासगी पत्ता. बहुतेक वेळा याचा अर्थ घरातच दुसरा राउटर मध्ये बसला आहे.
- १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५: कंपनीने ग्राहकांमध्ये पत्ता वाटण्यासाठी वापरायचा राखीव पट्टा.

शेवटच्या पट्ट्यातला आकडा दिसला तर शंकेला जागा नाही, तुम्ही ‘सीजीनॅट’च्या, म्हणजे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेच्या, मागे आहात. पण फक्त ‘१००’ बघून घाबरू नका. १००.२० ने सुरू होणारा पत्ता सार्वजनिक असतो, दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तरच तो राखीव पट्ट्यातला. १७२ चंही तसंच: १७२.१६ ते १७२.३१ खासगी, बाकीचे सार्वजनिक.

आणखी एक फसगत टेलस्केल (आपली उपकरणं एकमेकांना जोडणारं व्हीपीएन ॲप) वापरणाऱ्यांची होते. टेलस्केल प्रत्येक उपकरणाला याच १००.६४ च्या पट्ट्यातला पत्ता देतं. तो फोनमध्ये दिसला म्हणून नेट कंपनी सीजीनॅट वापरते असं ठरत नाही. राउटरचा वॅन पत्ताच बघायचा.

काही कंपन्या आतल्या जाळ्यात चक्क दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असलेले सार्वजनिक पत्ते वापरतात. तेव्हा वॅन पत्ता दिसायला सार्वजनिक असतो, पण बाहेर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नाही. म्हणून नुसता पट्टा ओळखून थांबू नका, दोन आकड्यांची तुलना करा.

पायरी २: मध्ये किती थर आहेत ते मोजा

पत्ता वाटण्याचं काम एकाच जागी होतं असं नाही. पहिला थर तुमच्या राउटरमध्ये असतो: घरातली दहा उपकरणं एका पत्त्यावरून बाहेर जातात. कंपनीने दिलेला मोडेम स्वतःच राउटरचं काम करत असेल आणि त्याला तुम्ही आपला राउटर जोडला असेल, तर दुसरा थर घरातच तयार झाला. कंपनीचं सीजीनॅट हा आणखी एक.

कॉम्प्युटरवरून किंवा फोनच्या नेटवर्क ॲपमधून एखाद्या बाहेरच्या पत्त्याकडे ‘ट्रेसराउट’ चालवा. वाटेत कुठली यंत्रं लागतात ते ही चाचणी ओळीओळीने दाखवते. पहिली ओळ तुमच्या राउटरची असेल. दुसरी ओळ पुन्हा १९२.१६८ ची असेल तर घरात दोन राउटर एकामागे एक बसले आहेत. दुसरी ओळ १००.६४ ते १००.१२७ ची असेल तर कंपनीचा थर समोर आहे. दुसरी ओळ नुसती १० ने सुरू होत असेल तर मात्र त्यावरून काही ठरवू नका. ग्राहकाला सार्वजनिक पत्ता देणाऱ्या कंपन्याही आपल्या आतल्या राउटरांना खासगी पत्ते देतात. शेवटचा शब्द पायरी १ मधल्या तुलनेचाच.

घरातला दुहेरी थर काढणं आपल्या हातात आहे. एकतर कंपनीचा मोडेम ‘ब्रिज मोड’मध्ये टाका म्हणजे पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळेल, नाहीतर तुमचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाका म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल. दुसरा उपाय सोपा आहे आणि तो कधीही उलटा फिरवता येतो, म्हणून आधी तो करून बघा. ब्रिज मोड लावण्यापूर्वी कनेक्शनचं लॉगिन नाव आणि पासवर्ड मोडेममध्ये भरलेला आहे का ते बघून लिहून ठेवा, नाहीतर घरचं नेट बंद पडून बसाल.

पायरी ३: पत्ता वाटला जातो म्हणजे नेमकं काय होतं

घाईत असाल तर ही पायरी ओलांडा. पण मला खरा उलगडा इथे झाला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आयपीव्ही ४ चा पत्ता ३२ बिटांचा. १९८१ मध्ये त्याचा आराखडा पक्का झाला तेव्हा साधारण ४२९ कोटी पत्ते पुष्कळ वाटले असतील. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकात स्पष्ट झालं. १९९४ मध्ये पत्ता बदलून देण्याची, म्हणजे ‘नॅट’ची पद्धत कागदावर आली आणि १९९६ मध्ये घराघरांत वापरायचे खासगी पट्टे आजच्या रूपात ठरले. तरी साठा संपतच गेला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटून झाले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, १००.६४ चा पट्टा खास कंपन्यांच्या वाटपासाठी राखून ठेवला गेला. त्यात सुमारे ४२ लाख पत्ते आहेत आणि प्रत्येक कंपनी आपापल्या जाळ्यात तेच पुन्हा पुन्हा वापरू शकते.

आधीच्या खासगी पट्ट्यांऐवजी नवा पट्टा का? ग्राहकाच्या घरात १९२.१६८ किंवा १० आधीपासून वापरात असतं. कंपनीनेही तेच दिलं, तर राउटरच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकच पट्टा येतो आणि पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कुणीकडे पाठवायचं हे त्याला कळत नाही.

आता एक पॅकेट डोळ्यांसमोर आणा. तुमचा फोन १९२.१६८.१.२० या पत्त्यावरून, ५१००० क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरचं क्रमांक दिलेलं दार) एखादी वेबसाइट मागतो. राउटर त्यावरचा पत्ता बदलून १००.७२.८.९ करतो, पोर्ट ४०००१ देतो आणि आपल्या तक्त्यात नोंद ठेवतो. कंपनीचं यंत्र पुन्हा पत्ता बदलतं: २०३.०.११३.५, पोर्ट २२०१७. तेही नोंद ठेवतं. (२०३.०.११३ चा पट्टा फक्त उदाहरणांसाठी राखलेला आहे, तो कुणाचा नाही.) उत्तर २२०१७ वर आलं की दोन्ही तक्ते उलटे वाचून ते फोनपर्यंत पोहोचवलं जातं.

नोंद होते ती आतून कुणीतरी आधी बाहेर गेल्यामुळे. मी बाहेरून माझ्या स्टोरेजला हाक मारायचो तेव्हा ती हाक २०३.०.११३.५ पर्यंत पोहोचायची, तिथल्या तक्त्यात माझ्यासाठी ओळ नसायची आणि पॅकेट तिथेच टाकून दिलं जायचं. माझ्या राउटरमध्ये मी उघडलेलं दार बरोबर होतं, पण त्या दारापर्यंत कुणी येतच नव्हतं. डायनॅमिक डीएनएसही म्हणूनच निरुपयोगी ठरलं: नाव कंपनीच्या यंत्राकडे बोट दाखवत होतं, माझ्या घराकडे नाही. राउटरमधलं ‘यूपीएनपी’ आणि ‘डीएमझेड’ यांचीही हीच मर्यादा. ते फक्त तुमच्या डब्यातली दारं उघडतात.

एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. सुरुवातीचे १,०२४ बाजूला ठेवले तर ६४,५१२ उरतात. समजा कंपनीने प्रत्येक ग्राहकाला साधारण हजार पोर्टांचा गट दिला, तर एका पत्त्यावर ६४ ग्राहक बसतात, आणि दोन हजारांचा दिला तर ३२. तुमच्या घरात टॉरेंट चालू असेल किंवा खूप उपकरणं एकदम जोडण्या उघडत असतील, तर हा गट संपू शकतो. तेव्हा वेबसाइट अर्धवट उघडते, काही चित्रं येतात आणि काही येत नाहीत, स्पीड टेस्ट मात्र उत्तम दाखवते. अशी तक्रार असेल तर आधी टॉरेंटच्या जोडण्यांची मर्यादा कमी करून बघा.

पायरी ४: मोबाइलची बाजू वेगळी तपासा

मोबाइलवर तुमचा स्वतःचा राउटरच नसतो, पत्ता थेट फोनला मिळतो. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय बंद करून ‘फोनविषयी’ या भागातला आयपी पत्ता बघा. आयफोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा पत्ता दिसत नाही, त्यासाठी नेटवर्कची माहिती दाखवणारं ॲप लागतं.

तिथे १० ने किंवा १००.६४ च्या पट्ट्याने सुरू होणारा पत्ता दिसला तर नवल नाही, मोबाइल नेटवर्कवर पत्ते वाटून देणं हा सर्रास रिवाज आहे. कधीकधी १९२.०.०.४ असा विचित्र आकडा दिसतो. त्याचा अर्थ मोबाइल कंपनी फोनला फक्त आयपीव्ही ६ देते आणि जुन्या ॲपसाठी फोन स्वतःच आयपीव्ही ४ चा आभास तयार करतो. कंपनीकडचं भाषांतर करणारं यंत्र मग ते पॅकेट जुन्या इंटरनेटवर पोहोचवतं. वापरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, पण बाहेरून त्या १९२.०.०.४ ला गाठता येत नाही.

हॉटस्पॉट चालू केला की फोन स्वतः राउटर होतो आणि आणखी एक थर चढतो. आयफोनचा हॉटस्पॉट जोडलेल्यांना १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते देतो. सिम टाकायचा राउटर घरी वापरत असाल तर तुमच्या ‘घरच्या’ नेटलाही मोबाइलचेच नियम लागू होतात, त्यामुळे पायरी १ चा निकाल काय येणार हे जवळपास ठरलेलं आहे.

तक्त्यातल्या नोंदी किती वेळ टिकतात हेही महत्त्वाचं. यूडीपी (डेटा पाठवण्याची एक पद्धत, व्हीपीएन बरेचदा हीच वापरतात) जोडणीवर काही हालचाल नसेल तर नोंद किमान दोन मिनिटं ठेवावी अशी शिफारस आहे, पण प्रत्यक्षात काही यंत्रं ती त्याआधीच पुसतात. फोन खिशात ठेवल्यावर कॅमेऱ्याचं चित्र तुटतं त्यामागे बरेचदा हेच असतं. याचा इलाज पायरी ७ मध्ये आहे.

पायरी ५: कंपनीला नेमका प्रश्न विचारा

‘माझं पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही’ असं सांगितलं की उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा. मी ते चार वेळा केलं. त्याऐवजी हे तीन प्रश्न लिखित विचारा, म्हणजे तक्रार तांत्रिक विभागाकडे जाते:

१. माझ्या कनेक्शनला सार्वजनिक आयपीव्ही ४ पत्ता आहे की मी सीजीनॅटच्या मागे आहे?
२. सीजीनॅटमधून बाहेर काढून सार्वजनिक पत्ता मिळू शकतो का? त्यावर बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवल्या जातात का?
३. आयपीव्ही ६ मिळतं का, आणि किती मोठा पट्टा मिळतो?

इथे एक शब्द नीट समजून घ्या. ‘स्टॅटिक’ आणि ‘सार्वजनिक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. खासगी पत्ताही स्टॅटिक असू शकतो आणि तो आपल्या काहीच कामाचा नाही. उलट सार्वजनिक पत्ता अधूनमधून बदलत असेल तरी चालतं, कारण डायनॅमिक डीएनएस तेवढ्यासाठीच आहे. बऱ्याच ठिकाणी स्टॅटिक पत्त्याला जादा शुल्क असतं, म्हणून आधी ‘सार्वजनिक पण बदलता’ असा मिळतो का ते विचारा. काही कंपन्या तो नुसत्या विनंतीवर देतात.

सार्वजनिक पत्ता मिळाला तर राउटर एकदा बंद-चालू करा आणि पायरी १ ची तुलना पुन्हा करा. फोनवर मिळालेल्या होकारावर विसंबू नका.

पायरी ६: आयपीव्ही ६ आहे का ते बघा

आयपीव्ही ६ चा पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे वाटून घेण्याची गरजच उरत नाही. घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. तुमच्या कंपनीकडे हे असेल तर माझ्या मते हीच सगळ्यात सरळ वाट आहे, आणि बहुतेक लोक तिच्याकडे बघतही नाहीत.

कॉम्प्युटरच्या नेटवर्क माहितीत आयपीव्ही ६ पत्त्यांची यादी दिसेल. २ किंवा ३ या आकड्याने सुरू होणारा पत्ता सार्वजनिक. ‘एफई८०’ ने सुरू होणारा फक्त त्या वायरपुरता किंवा वाय-फायपुरता, ‘एफसी’ किंवा ‘एफडी’ ने सुरू होणारा घरापुरता. नुसता एफई८० दिसला की ‘आमच्याकडे आयपीव्ही ६ आहे’ असं समजणं ही नेहमीची चूक.

सार्वजनिक पत्ता असेल तर राउटरच्या आयपीव्ही ६ फायरवॉलमध्ये एकच नियम घाला: या उपकरणाच्या या पोर्टला बाहेरून परवानगी. पोर्ट फॉरवर्डिंग इथे नसतं, फक्त परवानगी असते. पूर्ण फायरवॉल बंद करायचा मोह होतो, तो टाळा. तसं केलं तर घरातला प्रत्येक टीव्ही आणि प्रिंटर जगासमोर उघडा पडतो.

दोन अडचणी येतील. पहिली, कॉम्प्युटर गोपनीयतेसाठी तात्पुरते पत्ते तयार करतो आणि ते बदलत राहतात. नियमात आणि नावात कायमचा पत्ता वापरा, ‘तात्पुरता’ असं लिहिलेला नको. दुसरी, कंपनी पत्त्याचा पुढचा भाग बदलू शकते, तेव्हा आयपीव्ही ६ ची नोंद अद्ययावत करणारं डायनॅमिक डीएनएस लागेल.

आणि तुम्ही जिथून जोडणार तिथेही आयपीव्ही ६ हवं. मोबाइल डेटावर ते बरेचदा असतं, ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर बरेचदा नसतं. म्हणून आयपीव्ही ६ चालू झालं तरी मी पायरी ७ मधली सोय बंद केलेली नाही.

पायरी ७: आतून बाहेर जाणारी वाट बांधा

सार्वजनिक पत्ताही नाही आणि आयपीव्ही ६ ही नाही, अशा वेळी तत्त्व एकच: घरच्या उपकरणानेच आधी बाहेर जोडणी करायची आणि ती जिवंत ठेवायची. नोंद आतून तयार झाली की उत्तर परत येतं. हे करण्याच्या तीन पद्धती मी वापरून पाहिल्या.

क) मेश व्हीपीएन. टेलस्केल किंवा झीरोटियर. घरच्या उपकरणावर आणि फोनवर ॲप टाका, एकाच खात्याने आत जा, झालं. दोन्ही बाजू एका मध्यस्थ सर्व्हरकडून एकमेकींचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट विचारतात आणि एकाच वेळी एकमेकींकडे पॅकेट पाठवतात, त्यामुळे दोन्हीकडच्या तक्त्यांत नोंद होऊन थेट वाट तयार होते. प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळं पोर्ट देणारं कडक नॅट दोन्ही बाजूंना असेल तर ही युक्ती फसते आणि डेटा रिले सर्व्हरमधून फिरून येतो. तो कूटबद्धच राहतो, फक्त वेग कमी होतो. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. स्टोरेजवर ॲप टाकता येत नसेल तर घरातल्या एखाद्या सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर टाका आणि त्याला ‘सबनेट राउटर’ बनवा, मग घरचं बाकीचं जाळंही त्याच्यामार्फत दिसतं.

ख) टनेल सेवा, उदाहरणार्थ क्लाउडफ्लेअर टनेल. तुमचं स्वतःचं डोमेन असेल आणि एखादी वेबसाइट चारचौघांना दाखवायची असेल तर उत्तम, बघणाऱ्याला ॲप लागत नाही. पण लक्षात घ्या, वेबसाइटचं कूटबद्धीकरण त्या सेवेच्या सर्व्हरवर उलगडतं आणि तिथून पुढे वेगळं जातं. कौटुंबिक फोटोंसाठी मला ते पटलं नाही.

ग) भाड्याचा छोटा सर्व्हर आणि वायरगार्ड (एक व्हीपीएन सॉफ्टवेअर). मी शेवटी इथे स्थिरावलो. सर्व्हरला सार्वजनिक पत्ता असतो. घर आणि फोन दोघेही त्याला आतून जोडतात आणि सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. मांडणी अशी:

- सर्व्हरवर वायरगार्ड टाका आणि यूडीपीचं एक पोर्ट उघडा, सहसा ५१८२० वापरतात. भाड्याच्या सर्व्हरला बरेचदा दोन फायरवॉल असतात, एक आतली आणि एक कंपनीच्या कंट्रोल पॅनेलवरची. दोन्हींत उघडा.
- टनेलसाठी घरात कुठेही न वापरलेला पट्टा घ्या, जसं १०.८८.०. सर्व्हर १०.८८.०.१, घर १०.८८.०.२, फोन १०.८८.०.३.
- सर्व्हरवर ‘आयपी फॉरवर्डिंग’ चालू करा. हे विसरलं तर घर आणि फोन दोघेही सर्व्हरला पिंग करू शकतात (छोटी हाक मारून उत्तर मिळवू शकतात), एकमेकांना नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.
- ‘अलाउड आयपी’, म्हणजे कुठल्या जोडणीतून कुठले पत्ते गाठायचे त्याची यादी, नीट भरा. सर्व्हरवर घराच्या नोंदीत १०.८८.०.२ आणि घरातला पट्टा, फोनच्या नोंदीत १०.८८.०.३. घराकडच्या आणि फोनकडच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या नोंदीखाली पूर्ण १०.८८.० चा पट्टा, आणि फोनकडे त्यासोबत घरातला पट्टाही.
- घराच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. दर २५ सेकंदांनी एक इवलंसं पॅकेट जातं आणि नॅटच्या तक्त्यातली नोंद पुसली जात नाही. ही एक ओळ नसेल तर सगळं पहिल्या दिवशी चालतं आणि दुसऱ्या दिवशी बंद पडलेलं दिसतं. फोनवर ते सहसा लागत नाही, कारण सुरुवात फोनच करतो, आणि बॅटरीही वाचते.
- पिंग होतं, छोटं पान उघडतं, पण फोटो अडकतात, असं झालं तर पॅकेटचा आकार मोठा होतोय. वायरगार्ड साधारण १४२० बाइटांचं एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) धरतं, ते १२८० करून बघा. मोबाइल नेटवर्कवर याने फरक पडलेला मी स्वतः पाहिला आहे.

वायरगार्ड घरातल्या राउटरवर नसून एखाद्या कॉम्प्युटरवर असेल, तर बाकीच्या उपकरणांना परतीची वाट सांगावी लागते: राउटरमध्ये ‘१०.८८.० साठी या कॉम्प्युटरकडे जा’ असा स्थिर मार्ग घाला.

पायरी ८: घरचा पट्टा आधीच बदलून ठेवा

असंख्य राउटर १९२.१६८.०, १९२.१६८.१ किंवा १०.०.० वर येतात. तुम्ही मित्राच्या वाय-फायवर आहात, त्याचा पट्टा १९२.१६८.१ आणि तुमच्या घरचाही तोच. आता फोनने १९२.१६८.१.५० मागितलं की तो मित्राच्याच घरात शोधतो. व्हीपीएन ‘जोडलेलं’ दाखवतं आणि काहीच उघडत नाही.

म्हणून राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.१७३ किंवा १०.१४७.६२ असा सहसा कुणी न घेणारा पट्टा ठेवा. तिथे १००.६४ चा पट्टा मुळीच घेऊ नका. बदल केल्यावर प्रिंटर, कॅमेरे अशा हाताने पत्ता भरलेल्या उपकरणांचे पत्ते पुन्हा भरावे लागतील. म्हणूनच हे काम सगळं उभं करण्याआधी करावं, नंतर नाही.

पायरी ९: बाहेरून म्हणजे खरोखर बाहेरून तपासा

घरच्या वाय-फायवर बसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता उघडून बघितला तर निकाल खोटा येऊ शकतो, दोन्ही बाजूंनी. काही राउटर आतून आलेली अशी मागणी परत फिरवत नाहीत, त्यामुळे बरोबर चालणारी सोयही बंद वाटते. आणि काही वेळा आतून सगळं चालतं, बाहेरून नाही. फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर तपासा, मग शक्य असेल तर तिसऱ्या एखाद्या वाय-फायवरून.

सीजीनॅट म्हणजे सुरक्षा, असं धरून चालू नका. ते बाहेरून येणारं अडवतं खरं, पण तो त्याचा उद्देश नाही, आणि आयपीव्ही ६ च्या वाटेवर ते नसतंच. कॅमेऱ्याचं ॲडमिन पान थेट इंटरनेटवर उघडू नका. व्हीपीएनच्या आडच ठेवा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

पायरी १०: शेजाऱ्याचं ओझं आपल्या पत्त्यावर

एका पत्त्यावर अनेक माणसं असल्यामुळे काही त्रास असे येतात की जे तुमच्या सेटिंगने जात नाहीत. वेबसाइटला तुम्ही आणि इतर सगळे एकच दिसता. त्यांच्यापैकी कुणाच्या कॉम्प्युटरमधून स्पॅम जात असेल तर पत्ता काळ्या यादीत जातो, आणि ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ अशी कोडी तुम्हाला सोडवावी लागतात. लॉगिनची मर्यादा दुसऱ्याच कुणी संपवलेली असते. राउटर बंद-चालू करून कधीकधी वेगळा पत्ता मिळतो. नाही मिळाला तर कंपनीला तो पत्ता आणि वेळ कळवा. गेममध्ये ‘नॅट प्रकार: कडक’ असं दिसतं तेही बरेचदा यामुळेच.

खात्यात कुणी घुसखोरी केली आणि तक्रार द्यायची वेळ आली, तर नुसता आयपी पत्ता देऊन भागत नाही. त्याच पत्त्यावर त्या क्षणी कित्येक ग्राहक असतात. पत्ता, सोर्स पोर्ट (जोडणी ज्या पोर्टवरून आली तो) आणि सेकंदापर्यंतची वेळ, टाइम झोनसकट, हे सगळं असेल तरच कंपनीला नेमकं कनेक्शन शोधता येतं. स्वतःचा सर्व्हर चालवत असाल तर लॉगमध्ये सोर्स पोर्टची नोंद चालू करा. बऱ्याच सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ती मुळात बंद असते, आणि गरज पडते तेव्हा मागची नोंद परत मिळवता येत नाही. सर्व्हरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं आहे ना, हेही बघा.

हे सगळं झाल्यावर एक शेवटची चाचणी ठेवा. घराचा वीजपुरवठा दोन मिनिटं बंद करा, पुन्हा चालू करा आणि कशालाही हात न लावता दहा मिनिटांनी मोबाइल डेटावरून घरचं स्टोरेज उघडा. उघडलं नाही, तर वायरगार्ड किंवा टेलस्केल कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप सुरू होण्याचं सेटिंग राहिलं आहे. ते आत्ता, घरी असताना लावा.